वही जाळू का?

॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥

भाविक श्रोतेहो, निरूपणास बसावे, अभंग घ्यावा, त्याची चरणे एकेक करून सोडवावीत आणि मग दृष्टांताकडे वळावे, अशी आपल्याकडे चालत आलेली रीत आहे. या खेपेस ती रीत मी मोडणार आहे. कारण असे की या निरूपणाला विषय अभंगाने दिला नाही, एका माउलीच्या प्रश्नाने दिला. आणि त्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून पुढचा अभंग हाती घेऊ नये असे मला झाले.

देवळ्याला सप्ताह होता. नाशिक जिल्ह्यातले आपले देवळा, चांदवड, कळवण आणि सटाणा यांच्या मधले. गिरणेच्या खोऱ्यातला हा मुलूख कांद्याचा. वैशाखाचे दिवस, उन्हाळ कांदा काढून चाळीत पडलेला, माणसाला थोडी उसंत झालेली. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी चारला माझे प्रवचन, सांजेला हरिपाठ आणि रात्री कीर्तन. दुसऱ्या दिवशी हरिपाठ उरकून माणसे जेवायला पांगली, तशी एक बाई मंडपाच्या खांबापाशी उभी राहिलेली दिसली. वय पन्नासच्या आतबाहेर. पदराखाली काहीतरी धरलेले. मला वाटले, शिधा असेल. ती होती शाळेच्या पोरांची दोनशे पानी वही.

त्या भागातली घरची बोली अहिराणी. माझ्यासारख्या परक्या माणसाशी बोलताना तिथली माणसे जपून मराठी बोलतात, पण जीव भरून आला की बोली आपोआप येते. तशी ती म्हणाली, "महाराज, हाई वही जाळी टाकू का?"

मी विचारले, "माउली, आहे काय वहीत?"

मग तिने तुकड्यातुकड्यांनी सांगितले. चार वर्षांमागे, कांद्याच्या लागणीच्या दिवसांत, तिचा एकुलता एक मुलगा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. वय बावीस. त्या दिवसापासून घरात त्याचे नाव कोणी काढत नाही. नवरा शेतात जातो, येतो, जेवतो, निजतो. ही सातवीपर्यंत शिकलेली. एका रात्री झोप येईना, म्हणून मुलाच्या दप्तरातली कोरी वही काढली आणि लिहू लागली. वर्षभर लिहीत होती. आता ज्ञानेश्वरी ऐकायला बसली तेव्हा तिला वाटले, एवढ्या थोर ग्रंथाच्या पुढे आपल्या या रडगाण्याला काय किंमत? शिवाय कोणीतरी तिला म्हणाले होते की गेलेल्याचे असे उगाळत बसले तर त्याचा जीव अडकतो. म्हणून ती विचारायला आली होती की जाळू का.

इथे थांबून मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे बोलणे ढोंग होईल. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी, असाच एक तरुण माझ्याकडे वही घेऊन आला होता. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. मी तेव्हा नवा प्रवचनकार, पाठांतराचा ताठा अंगात. मी वही उघडलीसुद्धा नाही. म्हणालो, "बाबा रे, संतांनी सगळे लिहून ठेवले आहे. आपण लिहिण्यासारखे काय उरले? हरिपाठ म्हण." वाक्य ऐकायला किती चांगले! आजूबाजूच्या मंडळींनी माना डोलावल्या. पुढल्या साली त्या गावी गेलो तेव्हा कळले की त्या रात्रीच ती वही चुलीत गेली. आणि हरिपाठाला तो पोरगा पुन्हा कधी आला नाही. माझ्या हातून एक वही जळालेली आहे, श्रोतेहो. म्हणून देवळ्याच्या त्या माउलीला मी लगेच काही बोललो नाही. "उद्या सांगतो, तोवर वही जपून ठेव," एवढेच म्हणालो, आणि रात्रभर विचार करीत राहिलो.

पहिली शंका हीच की, संतांनी सर्व सांगून ठेवल्यावर सामान्याने लिहावे का? याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. पौष वद्य एकादशीला आपण ज्यांच्या समाधीला त्र्यंबकेश्वरी जातो, त्या निवृत्तिनाथांनीच ते देऊन ठेवले आहे.

पहा, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. नेवासे क्षेत्री ज्ञानोबारायांनी गीतेवरची टीका सांगितली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. गीतेचे सातशे श्लोक, त्यांवर नऊ हजारांच्या घरात ओव्या. सांगणाऱ्याचे वय ते काय! असा ग्रंथ पुरा झाल्यावर वडील भावाने, आणि तो नुसता भाऊ नव्हे, सद्गुरू, काय करावे? आपण असतो तर पेढे वाटले असते, सत्कार केला असता. संप्रदायात परंपरेने सांगतात ते असे की निवृत्तिनाथ म्हणाले, ही झाली गीतेवरची टीका. आता तुझ्या स्वतःच्या अनुभवाचे सांग. त्या आज्ञेतून जो ग्रंथ झाला त्याला आपण अमृतानुभव म्हणतो. त्याचे नावच अनुभवामृत असेही घेतात. दहा प्रकरणे, आणि ओव्या आठशेच्या आसपास. ज्ञानेश्वरीच्या दहाव्या हिश्श्याहूनही थोड्या. कुठल्या श्लोकाचा आधार नाही, कुठल्या आचार्याचे बोट धरलेले नाही.

मला या गोष्टीत मोठे नवल वाटते ते निवृत्तिनाथांचे. त्यांनी शिष्याची स्तुती करून त्याला तिथेच बसवले नाही आणि उणे काढून त्याला खचवलेही नाही. त्यांनी आणखी मागितले, आणि मागितले ते त्याच्या स्वतःच्या आतले. लिहिणाऱ्याला उत्तेजन द्यायचे म्हणजे "वा, वा" म्हणायचे अशी आपली समजूत असते. "वा" ऐकून माणूस सुखावतो हे खरे, पण दुसऱ्या दिवशी लेखणी उचलायला लावते ते दुसरेच काही. कोणीतरी समोर बसून, तुझ्याजवळ याहून खोल काहीतरी आहे आणि ते मला ऐकायचे आहे, असे म्हणावे लागते. निवृत्तिनाथांचे स्वतःचे अभंग आहेतच. परंतु त्यांचे थोर काम कोणते विचाराल तर मी म्हणेन, धाकट्याकडून वदवून घेणे.

याच घरातली दुसरी गोष्ट मुक्ताबाईची. लोकांच्या बोलण्याने मन दुखावून ज्ञानोबांनी ताटी लावून घेतली, आणि एवढीशी बहीण दाराबाहेर उभी राहून त्यांना विनवीत राहिली. ते ताटीचे अभंग आपण सर्वांनी ऐकले आहेत. आई-बापांवाचून वाढलेली, गावाने बाहेर टाकलेली ही पोरे. त्यांच्या लिहिण्याच्या पाठीशी एकमेकांची ही विनवणी होती. ती नसती तर काय झाले असते, सांगता येत नाही.

आता कोणी म्हणेल, महाराज, हे अवतारी पुरुष झाले. त्यांचा दाखला कांदा पिकवणाऱ्या बाईला कसा लागू? बरे तर, ज्याचे दुकान बुडाले होते अशा वाण्याकडे जाऊ.

तुकोबारायांच्या आयुष्यात इंद्रायणीत कागद बुडाल्याचे दोन प्रसंग परंपरा सांगते. आपण दुसराच फार सांगतो. मला वाटते दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापाराचे दिवाळे निघाले. मन संसारावरून उठले. तेव्हा वडिलांच्या सावकारीची खते काढली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते आपल्या हाताने डोहात सोडली. त्यासाठी ते रडले, उपाशी बसले, असे कोणी सांगत नाही. येणे बुडाले, सुटलो, असा तो प्रसंग.

पुढे नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि माझे राहिलेले कवित्व तू पुरे कर म्हणाले. हेही पहा, उत्तेजन इथेही आधी होऊन गेलेल्या एका कवीकडून आले. नामदेव शिंप्याने तुकाराम वाण्याला लिहायला बसवले. मधे तीनशे वर्षांचे अंतर. मग अभंग झाले, वह्या झाल्या, आणि रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून त्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. या वेळी मात्र तोच माणूस नदीकाठी शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिला. घरदाराचा पैसा ज्याने हसत पाण्यात सोडला, त्याला वह्या सोडवेनात. का? माझ्या अल्प मतीला असे वाटते की खतांत दुसऱ्यांचे देणे लिहिलेले होते, आणि वह्यांत त्यांचे स्वतःचे. त्या दुष्काळात जे गेले त्याचा हिशेब त्यांनी देवापुढे त्या वह्यांत मांडला होता. मेलेल्या बायको-लेकराचे शेवटचे ठिकाण तेच होते.

तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या असे भाविक म्हणतात. कोणी असेही म्हणतात की अभंग लोकांच्या ओठांवर होते, ते पाण्याने कसे बुडणार? दोन्ही ऐकावे. चाकणचे संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ या टाळकऱ्यांनी अभंग लिहून ठेवले, हेही संप्रदाय सांगतो. ज्यांनी वह्या बुडवायला लावल्या ते रामेश्वरभट पुढे तुकोबांचेच झाले. असो.

दुसऱ्या दिवशी त्या माउलीला मी सांगितले, वही जाळू नकोस. गेलेल्याचा जीव अडकतो म्हणणाऱ्याला म्हणावे, तुकोबांच्या लेकराचा अडकला का? तिच्या तोंडावरचा भार थोडा उतरल्यासारखा दिसला. मग तिने वही माझ्यापुढे केली, "तुम्ही वाचा आणि सांगा कशी आहे ती."

आणि इथे माझी खरी परीक्षा झाली. कारण वही वाचली आणि ती मला भिडेना.

हे लिहायला संकोच वाटतो, पण खरे तेच लिहितो. पानामागून पान "कुलदीपक मालवला", "काळाने झडप घातली", "दुःखाचा डोंगर कोसळला". ज्या दुःखाने त्या बाईला चार वर्षे झोप नाही, ते दुःख पानावर कुठे दिसत नव्हते. दिसत होते ते वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीचे आणि आमच्यासारख्यांच्या प्रवचनांचे उसने शब्द. दोष तिचा नाही. दुःख अंगावर आले की माणूस हाताला येईल ते पांघरूण ओढतो, आणि हाताला येते ते दुसऱ्याचे. आपल्याला वाटते, पहिल्या झटक्यात लिहिले ते अगदी आतले आणि मागून सुधारले ते बनावट. माझा अनुभव उलट आहे. पहिल्या झटक्यात येते ते ऐकलेले, पाठ झालेले. स्वतःचा शब्द लाजाळू असतो. तो गर्दी ओसरल्यावर येतो.

आता दुसरी शंका पुढे येते. भावनेने लिहिलेले सुधारावे का? त्यात भावनेचा अपमान नाही का? आमच्या भजनी मंडळांतून मोठी समजूत आहे की खरे कवित्व गंगेसारखे आपोआप वाहते आणि फिरून हात लावणे म्हणजे कारागिरी. (या समजुतीच्या आधाराने किती कच्चे अभंग छापून निघतात आणि शेवटच्या चरणात कवी स्वतःचे नाव किती हौसेने घालतो, याविषयी न बोललेले बरे. तरुणपणी माझेही दोन निघाले होते.)

पैठणला नाथांकडे पाहावे. ज्ञानेश्वरी होऊन तीनशे वर्षे लोटत आली होती. नकलांवरून नकला होत गेल्या. कोणाच्या हातून शब्द गळला, कोणी आपल्या बुद्धीने भर घातली. शके १५०६, इसवी सन १५८४, या साली एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या प्रती जमवून, ताडून, पाठ शुद्ध केला. परंपरा सांगते की आधी त्यांचा घसा दुखू लागला. स्वप्नात माउली आली आणि म्हणाली, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, आळंदीस येऊन ती सोडव. नाथ गेले, समाधी शोधली, मुळी बाजूला केली आणि त्यानंतर ग्रंथाच्या शुद्धीचे काम हाती घेतले.

श्रोतेहो, या कथेतली मुळी मला फार अर्थाची वाटते. बोलणाऱ्याच्या कंठाला बाहेरचे काहीतरी आवळते आहे, आणि शोधन म्हणजे ते सोडवणे. नाथांनी ज्ञानेश्वरीत आपले काही घातले नाही. उलट यापुढे जो कोणी घालील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, अशा अर्थाचा इशारा देऊन ठेवला. कवित्व त्यांना कमी का येत होते? एकनाथी भागवत पैठणास आरंभून १५७३ साली काशीत पुरे करणारा हा माणूस! तरी हात आवरला. सुधारायचे म्हणजे सजवायचे नाही. बोलणाऱ्याचा जो मूळ आवाज, त्याच्याभोवतीची मुळी तेवढी काढायची.

नाथांनी हे दुसऱ्याच्या ग्रंथाचे केले, ती माउली स्वतःच्या वहीचे कसे करणार, असे कोणी विचारील. मीही अडलो होतो. वाट तिनेच दाखवली, आणि दाखवली ती कांद्यातून.

मी तिला विचारले, "कांदा काढल्या काढल्या चाळीत टाकता का?"

ती हसली. चार वर्षांत हसली नसेल तशी, कारण प्रश्न अगदी अडाण्याचा होता. म्हणाली, "सडून जाईल ना महाराज!" मग सगळे नीट सांगितले. कांदा उपटला की पातीसकट शेतातच ओळीने पसरायचा, एकाची पात दुसऱ्या कांद्यावर येईल असा, म्हणजे ऊन थेट लागत नाही. तीन-चार दिवस, पाच दिवस तसाच सुकू द्यायचा. मग पात कापायची, पण मुळापासून नाही. इंच-दीड इंच मान ठेवून, पीळ पडलेली. मान ठेवली नाही तर तिथून पाणी शिरते आणि कांदा नासतो. मग निवड. जोड कांदा वेगळा, डेंगळे आलेला वेगळा, गोल्टी वेगळी. एक सडका आत राहिला तर भोवतालचे घेऊन जातो. असा निवडलेला माल चाळीत चार-सहा महिने टिकतो.

मी म्हणालो, "मग वहीचे तसेच करू."

पहिले म्हणजे वही तिच्याच पातीखाली सुकू द्यायची. लिहिले त्या रात्रीच निवडायचे नाही. तिची वही सुकलेलीच होती. दुसरे, मोठ्याने वाचायची, घरात कोणी नसताना का होईना, आणि जिथे आपलाच आवाज आपल्याला परका वाटेल तिथे खूण करायची. तिसरे, खूण केलेला शब्द खोडण्याआधी त्याला विचारायचे, अरे, तू कशाच्या जागी येऊन बसलास? "कुलदीपक" हा शब्द कोणाच्या जागी बसला आहे? पोराचे हाक मारायचे नाव काय होते? ते का नाही लिहिले? आणि शेवटी, कापताना मान ठेवायची. फार कापले तरी जखम उघडी पडते आणि नासते. काही ओळी वेड्यावाकड्या असतात, व्याकरणात बसत नाहीत, पण त्या कांद्याच्या मानेसारख्या आतले राखून धरतात. त्या ठेवायच्या.

"मग अहिराणीत लिहू?" तिने विचारले. तिला वाटत होते, वहीत पुस्तकातलेच बोलले पाहिजे.

मी तिला जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींची गोष्ट सांगितली. अक्षरशत्रू बाई, असोद्याची लेक, तरुणपणीच वैधव्य आलेले. जात्यावर, शेतात, घरच्या बोलीत गाणी म्हणायची. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग, दोघांनी ती कागदावर उतरवून ठेवली म्हणून राहिली. १९५१ साली बाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी भीतभीतच ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, तरी आईची गाणी दाखवायला बिचकत होते! अत्र्यांनी ती छापायचाच आग्रह धरला आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. शाळेत आपली पोरे त्या बाईच्या कविता शिकतात, पोथीतल्या भाषेतल्या नव्हे.

आणि संप्रदायातलाच दाखला हवा असेल तर शिऊरच्या बहिणाबाई आहेतच. तुकोबांच्या शिष्या. नवऱ्याचा मार, लळा लागलेले वासरू गेल्याचे दुःख, कोल्हापुरी जयरामस्वामींच्या कीर्तनातून कानी आलेले तुकोबांचे अभंग आणि मग स्वप्नातला अनुग्रह, हे सगळे त्या माउलीने स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवले. वासरू गेल्याचे का कोणी लिहावे? पण तिने लिहिले, आणि साडेतीनशे वर्षांनी आपण ते वाचतो. वासरासाठी जागा आहे तिथे मुलासाठी नसेल?

अहंकाराचा मुद्दा राहिला. लिहिण्याने मीपणा वाढतो असे काही महाराज मंडळी सांगतात, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण मला दिसलेले असे, की मीपणा पहिल्या लिहिण्यात जास्त असतो. फिरून वाचताना, खोडताना, तो झिजतो. आपणच लिहिलेली ओळ खोटी आहे हे एकट्याने कबूल करायचे आणि तिच्यावर रेघ मारायची, यात मान कुठून मिळणार? पाहायला तर कोणी नसते.

तिसरा, चौथा, पाचवा दिवस ती प्रवचनाला येत होती, पण बोलली नाही. सहाव्या दिवशी वहीचे एक पान दाखवले. पहिले लिहिणे खोडून खाली बोलीत नवे लिहिलेले. त्यात कुलदीपक नव्हता. त्यात एवढेच होते की सकाळी भाकरी थापताना हात मोजतो तो अजून तीन माणसांचे मोजतो, आणि एक भाकर टोपलीत राहते, ती दुसऱ्या दिवशी गाईला जाते. आणि तिच्याखाली, पुन्हा पुन्हा गिरवल्यासारखी, एकच ओळ: "पोऱ्या उपाशीच गया."

मी विचारले नाही. तिने सांगितले. त्या सकाळी कसल्याशा किरकोळ गोष्टीवरून ती मुलाला रागावली होती. तो न जेवता घरातून निघून गेला, आणि दोन तासांनी विहिरीवरून निरोप आला. एवढ्या मोठ्या वहीत ही गोष्ट आधी कुठेच नव्हती. "दुःखाचा डोंगर" हा शब्द या ओळीच्या जागी येऊन बसला होता.

मी म्हणालो, "माउली, हे पान घरात एकदा वाचून दाखव." ती नाही म्हणाली. मालक ऐकायचे नाहीत, उठून जातील, म्हणाली. मी आग्रह केला नाही.

सातव्या दिवशी काल्याचे कीर्तन झाले, दहीहंडी फुटली, पंगती बसल्या. मी पिशवी आवरत होतो तेव्हा ती आली. तिच्या मागे चार हातांवर एक माणूस टोपी हातात धरून उभा होता. रात्री तिने वाचून दाखवले होते. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, उठून गेला नाही. ती त्या ओळीपाशी आली तेव्हा तो उठून बसला आणि म्हणाला, "नाही. तो जेवला होता."

मुलगा रागावून निघाला तो विहिरीवर जाण्याआधी बापाकडे आला होता. बाप लागणीच्या वाफ्यापाशी न्याहारीचे फडके सोडून बसला होता. त्याने भाकरी-ठेचा पुढे केला, दोघांनी निम्मी-निम्मी खाल्ली. पोरगा पाणी पिऊन मोटार चालू करायला गेला. बापाने हे कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही, आणि त्या दिवसाचे घरात कोणी बोलतच नव्हते. चार वर्षे ती त्याला उपाशी गेलेला समजत होती, आणि तिच्या शेजारी निजणाऱ्या माणसाला तिला ते तसे वाटते आहे हे ठाऊक नव्हते.

तिने पदराखालून वही काढून मला दाखवली. "पोऱ्या उपाशीच गया" या ओळीवर रेघ मारली होती, आणि खाली ओळ लिहायला जागा सोडली होती. ती म्हणाली, ठेचा कशाचा होता, हिरव्या मिरचीचा की लाल, ते यांना आठवत नाही म्हणतात; आठवले की लिहीन.

मागचा माणूस टोपी डोक्यावर ठेवत म्हणाला, "हिरव्या मिरचीचा. रात्री आठवलं."